झेंडा नसेल तर

८ ऑक्टोबर १९८३

हेल्मी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही हे फोडलंस, याबद्दल आधी आभार. गेल्या चौदा वर्षांत मी पाठवलेली नाताळची कार्डं तू उघडतेस की नाही, मला माहीत नाही. परत येत नाहीत एवढं माहीत आहे. परत येत नाहीत म्हणजे पोचतात, आणि पोचतात म्हणजे वाचली जातात, असं मी धरून चालते. वर्गात कुणी असला निष्कर्ष काढला असता तर मी त्याचे गुण कापले असते. पण ऍरिझोनाला जाऊन तपासणार कोण?

कामाचं सांगते. बाबांना सप्टेंबरमध्ये झटका आला. उजवी बाजू गेली. तीन आठवडे इस्पितळात होते, आता गावाबाहेर टेकडीवर जे शुश्रूषागृह झालंय तिथे आहेत. खोलीला खिडकी आहे, पण ती तळ्याकडे नाही, गाड्या लावतात त्या आवाराकडे आहे. मी खोली बदलून मागितली तर बाबाच नको म्हणाले.

त्यांना इंग्रजी उशिरा आली होती, ती पहिली गेली. आता उरलेत ते वीस-पंचवीस शब्द, सगळे फिनिश, आणि त्या इमारतीत ते समजणारी मी एकटी. मार्लिस नावाची नर्स आहे. चांगली आहे, बडबडी आहे. कॉफीला आपल्यात काय म्हणतात तेवढं शिकून घेतलंय आणि त्या एका शब्दावर दोघांचं झकास चाललंय. रविवारी मी वेलचीचा गोड पाव करून नेते. तो कॉफीत बुडवून डाव्या हाताने खातात, निम्मा अंगावर सांडतात, आणि मी पुसायला गेले की हात झटकतात. स्वभाव काही झटक्याने गेला नाही.

डॉक्टर म्हणतात, वसंत ऋतू बघतील असं नाही.

ते तुझी चौकशी करतात. नाव घेत नाहीत. 'धाकटी' म्हणतात. 'धाकटीचं पत्र?' एवढंच, आणि माझ्या हातांकडे बघतात. मी म्हणते, 'टपाल उशिरा येतंय.' ऐंशी वर्षांच्या माणसाला चौदा वर्षं टपाल उशिरा येतंय.

तुझा ऑर्विल तळ्यात गेला त्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही. तुला सगळं माहीत आहे.

ये, हेल्मी. तळं गोठायच्या आत ये.

ऐली


३० ऑक्टोबर १९८३

हेल्मी,

कार्ड मिळालं. पुढे निवडुंग आणि मागे एक ओळ. 'झेंडा लावायला विसरलो असं त्यांनी कबूल केलं, तर मी येईन.' ना मायना, ना सही. तरी चौदा वर्षांत आलेलं तुझं पहिलं अक्षर आहे, म्हणून फ्रिजवर लावलंय.

ऑक्टोबर महिना म्हणजे माझ्या भूमितीच्या वर्गात 'जर-तर'चा महिना. तेवीस वर्षं तेच. फळ्यावर वाक्य लिहायचं आणि विचारायचं, याच्यासारखंच दुसरं वाक्य कोणतं? यंदा लिहिलं होतं, 'मासेमारीच्या मोसमाचा पहिला दिवस असेल, तर वेंडेलचा पेट्रोल पंप बंद असतो.' लगेच सगळा वर्ग म्हणाला, म्हणजे पंप बंद असेल तर मोसमाचा पहिला दिवस. मी म्हटलं, बाळांनो, वेंडेल वाटेल तेव्हा पंप बंद करून झोपतो, त्याला मोसम कशाला लागतो? मग दुसरा म्हणाला, पहिला दिवस नसेल तर पंप उघडा. त्यालाही तेच उत्तर. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, 'पंप उघडा दिसला तर आज पहिला दिवस नाही.' हे बरोबर. दोन्ही टोकं नाकारायची आणि जागा बदलायची, तेव्हा वाक्य तेच राहतं. बाकी सगळी नुसती तोंडावळ्याने सारखी दिसणारी. दर वर्षी एकाच पोरीला किंवा पोराला ते कळतं, आणि मे महिन्यापर्यंत तीही विसरते.

आता तुझं वाक्य घेते. त्यांनी कबूल केलं तर तू येशील. ठीक. पण त्यांनी कबूल केलं नाही तर तू येणार नाहीस, असं तू लिहिलेलं नाहीस. तुला तेच म्हणायचंय हे मला कळतं, मी काही दूधखुळी नाही. माणसं लिहितात एक आणि समोरच्याने दुसरंही ऐकावं असं धरून चालतात. पण लिहिलेलं तेवढंच आहे, आणि त्यात दार उघडं आहे. मी त्या फटीत पाय घालून उभी आहे असं समज.

तुझ्या वाक्याचं खरं दुसरं रूप म्हणजे, तू आली नाहीस तर त्यांनी कबूल केलेलं नाही. आणि ते खरंच आहे. बाबांनी शेरीफला 'झेंडा माझं काम होतं' एवढंच सांगितलं होतं. 'विसरलो' असं ते कुणापाशी म्हणाले नाहीत. तुझ्यापाशीही नाही. ऑर्विलच्या दफनाच्या दिवशी तू त्यांची कॉलर धरून विचारत होतीस तेव्हाही नाही.

ते जिद्दीने गप्प राहिले असं तू समजतेस. तसं समज हवं तर. पण ये.

ऐली


१३ नोव्हेंबर १९८३

हेल्मी,

हरणांच्या शिकारीचे दिवस आहेत, शाळा अर्धी रिकामी. वर्गात सात मुली आणि एक पाय मोडलेला मुलगा. त्यामुळे लिहायला वेळ आहे.

तुझी अट मी बाबांना सांगितली. नको होतं सांगायला, पण त्यांनी फ्रिजवरच्या कार्डाबद्दल विचारलं. म्हणजे मीच बोलून गेले होते की धाकटीचं कार्ड आलंय. आनंदाच्या भरात माणूस मूर्खपणा करतो. कार्डावर काय आहे, काय आहे, असं चाललं त्यांचं. मी वाचून दाखवलं.

मग म्हणाले, "लिही."

"काय लिहू?"

"विसरलो."

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही विसरला नव्हता."

"येईल ना ती? मग लिही."

मी लिहिलं. तीन ओळी. डाव्या हाताने सही केली, ती कागदावरून जवळजवळ खाली उतरली आहे. मग म्हणाले, "आज टाक पेटीत." आणि झोपले. इतके शांत झोपले की मार्लिस दोनदा येऊन श्वास बघून गेली.

कागद माझ्याकडे खणात आहे. पाठवते. सहीवर कॉफीचा डाग पडलाय, दुसरा स्वच्छ लिहून घ्यावा असं मनात होतं. शिवाय या आठवड्यात टपाल कचेरी शिकारीमुळे अर्धा दिवस. असं आपलं काहीबाही.

ते विसरले नव्हते असं मी म्हटलं, ते तुला खटकलं असेल. म्हणजे असं, की त्या शनिवारी ते पहाटेच कोस्कीच्या दफनाला गेले होते. खाणीत एकत्र काम केलेला माणूस, जायलाच हवं होतं. त्यांची रीत तुला ठाऊक आहे. रोज सकाळी तळ्यावर जायचं, ओढ्याच्या तोंडाशी भोक पाडायचं, खुणा केलेली काठी घालून बर्फ मोजायचा. पातळ असला तर आपल्या आमिषाच्या दुकानावर लाल झेंडा. आणि भिंतीवर पाटी, त्यांनी सांगितलेली आणि आईने रंगवलेली, 'लाल झेंडा असेल तर बर्फावर गाडी नेऊ नका.' झेंडा नसला तरी कुणी शहाणा माणूस थेट गाडी घालत नसे. आत यायचं, आमिषाची मासळी घ्यायची, कॉफी प्यायची, विचारायचं, 'नेस्टर, काय म्हणतंय तळं?' मग बाबा सांगायचे कुठून जा आणि कुठून नको.

त्या दिवशी दुकानाला कुलूप होतं. शुक्रवारी संध्याकाळी बर्फ ठीक होता. रात्री पाऊस झाला आणि दक्षिणेचं वारं सुटलं. बाबांनी सकाळी मोजलाच नाही, तर झेंडा कशाच्या जोरावर लावणार?

हे सगळं तुला माहीत आहे. मी उगीच लिहिते आहे.

ऐली


४ डिसेंबर १९८३

हेल्मी,

बाबांचा कागद सोबत आहे. तो खोटा आहे. आधी हे पत्र वाच.

तीन आठवडे तो खणात राहिला, त्याचं कारण कॉफीचा डाग नव्हतं, हे तुला कळलंच असेल. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी सवय. तो कागद पाठवला असता तर तू आली असतीस. तू शब्दाची पक्की आहेस. बाबांना धाकटी मिळाली असती, तुला तुझा कबुलीजबाब मिळाला असता आणि मी वेलचीचा पाव घेऊन दारात उभी राहिले असते, दोघांना समेट करून देणारी शहाणी थोरली. कुणाला काही कळलं नसतं. रोज शाळेतून आल्यावर मी पाकीट घ्यायचे, पत्ता लिहायचे आणि परत खणात टाकायचे.

त्या शनिवारी भिंतीवर आईची पाटी नव्हती.

बुधवारी मी ती उतरवली होती. तू तापाने अंथरुणात होतीस, म्हणून तुला ठाऊक नाही. तो मोसमाचा शेवटचा आठवडा होता, रविवारच्या आत सगळ्यांना आपापल्या मासेमारीच्या खोपट्या बर्फावरून ओढून आणायच्या होत्या. शहरातून पुष्कळ लोक येणार होते. तळ्याकाठच्या बंगलेवाल्यांची समिती माझ्यामागे लागली होती की 'नेऊ नका', 'करू नका' असल्या पाट्यांनी पाहुणे बिचकतात, जरा हसरं काही लिही. मला रंगवायला आवडतं. मी एक हसणारा मासा काढला, हिरवा आणि सोनेरी, आणि त्याच्या तोंडून वाक्य, 'झेंडा नाही? मग चला बर्फावर!' गुरुवारी सकाळी लावली.

शुक्रवारी टपालवाल्याने बाबांना ती वाचून दाखवली. बाबांना इंग्रजी बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. मी शाळेतून आले तेव्हा ते पाटीखाली उभे होते.

"हे माझं वाक्य नाही," म्हणाले.

"तेच आहे, बाबा."

"झेंडा असला तर जाऊ नका, एवढंच मी म्हणतो. नसला तर मी काही म्हणत नाही. नसला तर आत या, मला विचारा."

"अर्थ तोच होतो. फक्त गोड करून लिहिलंय."

"तोच कसा? मी घरी नसलो, आजारी पडलो, तरी झेंडा नसणारच ना?"

मी हसले, हेल्मी. म्हटलं, "बाबा, मी हेच शिकवते शाळेत."

मग म्हणाले, "तू शिकलेली आहेस." आणि आत जाऊन कॉफीची भांडी विसळायला लागले.

मी हेच शिकवत होते, हे खरं आहे. त्याच आठवड्यात ड्वेन नावाच्या मुलाने उजळणीच्या चाचणीत नेमकी तीच चूक केली होती. दोन्ही टोकं नाकारली आणि म्हणाला वाक्य तेच. मी लाल शाईने फुली मारून समासात लिहिलं होतं, 'नीट विचार कर.' तो पेपर त्या वेळी माझ्या पिशवीत होता. चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या बापाला जे कळत होतं ते मला कळत नव्हतं असं नाही. बाबांनी सांगताक्षणी मला कळलं. पण मासा फार छान जमला होता. आणि समितीच्या बाईंनी कौतुक केलं होतं. आणि कुणासमोर, तेही बापासमोर, 'माझं चुकलं' म्हणायची मला सवय नव्हती. म्हटलं सोमवारी बदलू. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ते आमच्यासारख्या मास्तरणींवरूनच निघालं असणार.

शनिवारी सकाळी आठला मी दुकानाशेजारच्या घरात, खिडकीशी पेपर तपासत बसले होते. खोपटी ओढून आणायला ऑर्विलचा ट्रक आला. तुझा नवरा कसा होता तुला सांगायला नको, पाव भाजायचं यंत्र आणलं तरी आधी त्याची पुस्तिका वाचणारा. गाव अजून म्हणतं, शहरातला होता, बेफिकीर होता, घाईत होता. तो उतरला. दुकानाचं दार हलवून बघितलं, कुलूप होतं. मग पाटीसमोर उभा राहिला आणि वाचली. खांबाकडे बघितलं, झेंडा नव्हता. मग परत वाचली. मला खिडकीत बघून त्याने अंगठ्याने पाटीकडे खूण केली, भुवया उंचावून, म्हणजे विचारत होता. बाबा नव्हते म्हणून तो मला विचारत होता.

मी हात हलवला. कॉफीचा कप वर केला आणि हसले.

तो ट्रकमध्ये बसला आणि गेला. पुढचं तुला ठाऊक आहे. बर्फ फुटल्याचा आवाज मी ऐकला नाही. साडेनवाला वेंडेल ओरडत आला तेव्हा कळलं.

आणि मग मी काय केलं ते सांगते, कारण तेही तितकंच वाईट आहे. माणसं दोर आणि शिड्या घेऊन तळ्याकडे धावत होती, आणि मी दुकानाच्या भिंतीवरून मासा उतरवून आईची पाटी लावत होते. खिळा वाकडा गेला, अंगठा ठेचला. मासा सरपणात फोडून सौनाच्या वाफेघरातल्या भट्टीत घातला. शेरीफ दुपारी आला तेव्हा त्याने आईची पाटी वाचली आणि बाबांना विचारलं, "नेस्टर, मग आज झेंडा का नव्हता?" बाबा नुकतेच दफनाहून आले होते, काळ्या कोटात. त्यांनी पाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे, माझ्या अंगठ्याकडे. ते अक्षर न वाचताही त्यांना कळलं की ही आईची. म्हणाले, "झेंडा माझं काम होतं."

गंमत बघ, लपवायची गरजही नव्हती. ज्यांनी मासा पाहिला होता त्यांना दोन्ही पाट्या एकच वाटल्या. वेंडेल आजही शपथेवर सांगेल की तिथे पहिल्यापासून 'झेंडा नसेल तर जा' असंच लिहिलेलं होतं. अख्ख्या गावाला फरक कळला नाही. ज्या दोघांना कळला त्यातला एक गप्प बसला आणि दुसरी पेपर तपासत राहिली.

बाबांनी मला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. तू त्यांची कॉलर धरलीस तेव्हा मी तीन पावलांवर उभी होते. तू उन्हाळ्यात निघून गेलीस तेव्हा मी तुझी ट्रंक गाडीत ठेवली. त्यांना वाटलं असेल, एक पोरगी गेलीच आहे, दुसरी तरी राहू दे. चौदा वर्षं मी त्यांना जेवायला वाढलं आणि ते माझ्या चुकीचं ओझं पाठीवर घेऊन जेवले. आता त्यावर सहीसुद्धा केली.

आता तुझी अट बघ. त्यांनी कबूल करावं असं त्यांच्याकडे काही नाही, त्यामुळे ते वाक्य आता तुला आणू शकत नाही. अडवतही नाही. पुढचं तुझं तू ठरव. माझ्यासाठी नको, मी मागत नाही, मला तोंड नाही. ऑर्विल बेफिकीर नव्हता, हेल्मी. त्याने नीट वाचलं आणि लिहिलं होतं तसंच केलं.

ऐली


२ जानेवारी १९८४

हेल्मी,

कार्ड मिळालं. 'नऊ तारखेला पोचते. तू तिथे आलीस तर मी निघून जाईन.'

समजलं. तू राहायची असशील तर मी यायचं नाही. हेच ते वाक्य, दुसऱ्या बाजूने. इथे मला फट शोधायची नाही.

आठ तारखेच्या संध्याकाळी त्यांना भेटून घेते. घराची किल्ली मार्लिसकडे ठेवलीय, मी शाळेजवळ एका शिक्षिकेकडे राहीन. फ्रिजमध्ये तीन पाव आहेत. कॉफीत बुडवून द्यायचे, आणि अंगावर सांडलं तर लगेच पुसायचं नाही, चिडतात. उजव्या कानाने ऐकू येत नाही. दाढी करताना डाव्या गालावरचा तीळ जपून.

'धाकटीचं पत्र?' असं विचारलं काल. मी म्हटलं, "नऊ तारखेला येणार." पुन्हा म्हणाले, "पत्र?" मी म्हटलं, "पत्र नाही बाबा, ती स्वतः." तर माझा हात धरून बसले, तो मार्लिस गोळ्या घेऊन आली तरी सोडेनात.

ऐली


२२ जानेवारी १९८४

हेल्मी,

तू गेल्यावर घरी आले. भांडी घासून पालथी घातली होतीस. बाबांचा खाणीतला डबा नेलास, बरं केलंस. तुझाच हक्क आहे त्याच्यावर.

एक सांगायचं राहिलं तर पुन्हा चौदा वर्षं राहील, म्हणून लिहिते. मी एकदा आले होते. अकरा तारखेला, बुधवारी, तीन वाजता. वर यायचं नव्हतं, नुसतं आवारात गाडी उभी करून बसायचं होतं. खिडकी त्या बाजूलाच आहे ना. पडदा बाजूला सारलेला होता. तू त्यांचे केस विंचरत होतीस आणि काहीतरी बोलत होतीस, ते मान हलवत होते. चौदा वर्षांत तुझे केस पांढरे झालेत. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दहा मिनिटं थांबले असेन. मग शाळेत परत गेले आणि सहापर्यंत वर्गात बसून राहिले. हे 'तिथे येणं' धरायचं असेल तर धर. मी खिडकीबाहेर होते.

मार्लिस रोज फोन करायची. शुक्रवारी म्हणाली, ताप आहे. सोमवारी म्हणाली, "ऐली, आता या तुम्ही. बहिणीचं काय ते नंतर बघा, भांडणं काय जन्मभर पुरतात." मी म्हटलं, "ती काय करते आहे?" म्हणाली, "उशाशी बसून आहे, तीन रात्री झोपली नाही." मग मी गेले नाही. मी आले असते तर तू उठली असतीस. तू बोलल्याप्रमाणे वागतेस. आणि बाबांनी तुला चौदा वर्षं मागितलं होतं, मला ते रोज बघत होते. हा हिशोब कठीण नव्हता, फक्त फार दुखला. अजून दुखतो आहे. त्यांचा हात धरायला मी हवी होते. माझा बाप होता तो.

मंगळवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी मी सहाव्या तासाला होते. फळ्यावर वर्तुळं काढत होते. कचेरीतली बाई दारात येऊन उभी राहिली आणि मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तरी मी सुरू केलेलं वर्तुळ पुरं केलं, का ते माहीत नाही.

चर्चमध्ये मी वर ऑर्गनपाशी बसले होते. तू पुढच्या बाकावर एकटी होतीस, शेजारी जागा होती. मी खाली आले तेव्हा तू निघून गेली होतीस. तळघरात कॉफी आणि हॅमची सँडविचं होती, आणि साठ माणसं मला सांगत होती की नेस्टर चांगला होता, त्या एका विसरण्याचं मनाला लावून घेऊ नकोस. मी चमचा कपावर वाजवला आणि सगळ्यांना सांगितलं. मासा, वाक्य, खिडकी, सगळं. शेवटी वेंडेल म्हणाला, "पण ऐली, ते तर एकच झालं ना?" मी त्याला तिथेच, तळघरात, कागदी रुमालावर लिहून समजावलं. कळलं की नाही कोण जाणे. पण मग त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "म्हणजे ऑर्विलने बरोबर वाचलं होतं." माझ्याकडे कुणी फारसं बघितलं नाही. बघू नयेच.

मार्लिस काल आली होती, बाबांचे कपडे घेऊन. तिला फिनिश येत नाही, पण आपली नावं कळतात. म्हणाली, शेवटच्या सकाळी त्यांनी दोनदा 'ऐली' म्हटलं, विचारल्यासारखं. आणि तू वाकून त्यांच्या डाव्या कानात काहीतरी बोललीस, तेव्हा ते निवले. तू काय म्हणालीस ते तिने मुद्दाम तुला विचारून घेतलं होतं, बडबडी आहे म्हटलं ना. तू तिला सांगितलंस, 'मी म्हटलं, शाळेत आहे ती, सुटली की येईल.'

मी येणार नाही हे तुला माहीत होतं. तुझ्यामुळेच येणार नव्हते. तरी तू तसं म्हणालीस. ते तू त्यांच्यासाठी म्हणालीस, यावरून माझ्यासाठी काही निघत नाही, हे मला कळतं. मी काही काढणार नाही. पण ते माझी वाट बघत गेले, माझ्यावर रुसून गेले नाहीत, हे तू मला दिलंस.

मी इथेच आहे.

ऐली